कोपऱ्यातली खाच

४ जानेवारी

प्रिय मामा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. तुझा फोन लागत नाही, आणि लागला तर तू "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" म्हणून ठेवून देतोस. म्हणून कागद-पेन. आई म्हणाली, "लिही बाई, तेवढाच त्याला विरंगुळा."

माझा प्रबंध सुरू झाला. विषय तुझ्या भाषेत सांगायचा तर, प्रेमाच्या सिनेमांत आणि जाहिरातींत बाईला कुठे उभं करतात, कुणाकडे बघायला लावतात. मी चक्क मोजत बसले आहे. तू मला मुंगी म्हणतोस ते उगीच नाही. जाहिरातीत पुरुष आपल्याकडे बघतो. बाई पुरुषाकडे, आरशाकडे किंवा साबणाकडे बघते. सिनेमात आणखी एक गंमत सापडली. नायिकेला एक मैत्रीण असते. ती चिठ्ठी आणून देते, नायिकेला चिडवते आणि बरोबर नायक यायच्या वेळी दारातून निघून जाते. आतापर्यंत एक्केचाळीस सिनेमे पाहिले. एकाही सिनेमात मैत्रीण त्या दारातून परत येत नाही. कुठे जाते कुणी विचारतही नाही.

आता तुझ्याकडे काम. तू ज्या जाहिरात कंपनीत आयुष्य काढलंस, तिच्याच कपाटांत मी सध्या खणते आहे. तिथे चेहऱ्याच्या मलमाची एक जुनी जाहिरात मिळाली. डावीकडे "आधी": काळवंडलेली, ओठ पडलेली मुलगी. उजवीकडे "नंतर": तीच मुलगी, उजळ, हसरी. मागे तुझी सही. ही मुलगी कोण होती, मामा? मार्गदर्शक बाई म्हणतात, तिची मुलाखत मिळाली तर प्रबंधाचं सोनं होईल.

आणखी एक. ती माझ्यासारखी दिसते. हनुवटीवर तीळसुद्धा.

तुझी,
मुंगी


११ जानेवारी

मुंगे, पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मी स्टोव्हशी कुस्ती खेळत होतो. चहा उतू गेला, पण पत्र आधी वाचलं. मैत्रिणी मोजण्याचीही पदवी मिळते हे ऐकून धन्य झालो. माझ्या वेळी असती तर मी चेहऱ्यावरचे मुरूम मोजून पंडित झालो असतो.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. मी रिटचर, फोटोतले चेहरे सुधारणारा. माझं टेबल उतरतं होतं, मध्ये दुधी काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडून खालून वर यायचा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारखी टोक केलेली पेन्सिल घेऊन बसायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, हे ध्यानात ठेव. तिच्यावर जितकं शिसं चढवावं, तितका चेहरा छापात उजळतो. आणि सुरीने खरवडलं की काळवंडतो. झालं माझं शास्त्र. कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं.

एक नियम मात्र होता. मूळ निगेटिव्हच्या कोपऱ्याला कात्रीने छोटी खाच पाडायची. खाच दिसली की हात जोडायचे आणि बाजूला ठेवायची. काय खेळ करायचा तो नकलेवर. टेबलाशी बसताना मी भिंगाआधी कोपरा चाचपायचो.

त्या मुलीचं विचारतेस. अगं, रोज दहा पोरी यायच्या. कोण कुठली आता आठवत नाही. तीळ काय, मी सुरीनेही पाडलेला असेल. तिचा नाद सोड आणि त्या मैत्रिणींचंच लिही, ते छान आहे.

तुझा मामा


२३ जानेवारी

प्रिय मामा,

तू थापा मारतोस. लहानपणी बिस्किटं कोणी संपवली म्हटल्यावर तुझं पहिलं वाक्य असंच विनोदी असायचं.

ती मुलगी मला सिनेमात सापडली. नायिकेची मैत्रीण म्हणून. एका नाही, अकरा सिनेमांत. श्रेयनामावलीत तिचा उल्लेख नाही. आता मी हे जसं आहे तसं लिहिते, हसू नकोस. या अकरा सिनेमांत तीस वर्षांचं अंतर आहे. स्टुडिओ वेगळे, दिग्दर्शक वेगळे. ती मात्र तेवढीच. अंगात तोच ठिपक्यांचा झगा, वरून तिसरं बटण तुटलेलं. एका सिनेमात ती घाईने दारातून जाते. चार वर्षांनंतरच्या सिनेमात दारातून आत येते ती धापा टाकत, जणू मधे दोन पावलंच चालली. चिठ्ठी देते, पुन्हा जाते. आणि जाण्याआधी प्रत्येक वेळी मान वळवून आपल्याकडे बघते. मामा, मैत्रिणीला आपल्याकडे बघायला कुणी सांगत नाही. मी तर तेच मोजतेय ना!

आईला फोटो दाखवला. म्हटलं, आपल्यात कुणी अशी होती का? ती म्हणाली, "आम्ही दोघंच भावंडं. मी आणि तुझा मामा." मग बराच वेळ टेबलावरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "जेवताना मी लग्नाआधी नेहमी चार ताटल्या मांडायचे आणि ओरडा खायचे, उगाच आठवलं." आई, आजोबा आणि तू, तीनच होतात ना त्या घरात? आजी तर आधीच गेलेली.

आणि बातमी! कंपनी तेच मलम पुन्हा बाजारात आणते आहे. कपाटं उपसताना त्यांच्या साहेबाने मला पाहिलं आणि जुन्या जाहिरातीशी ताडून उडालाच. नऊ फेब्रुवारीला शूटिंग आहे. मी "आधी" म्हणून एका दारातून बाहेर जायचं आणि "नंतर" म्हणून आत यायचं. मी हो म्हणून बसले. आतून बघायला मिळेल, अशी संधी प्रबंधवाल्याला कुठली!

तुझी,
मुंगी


२९ जानेवारी

मुंगे,

आज विनोद नाही.

ती तुझी धाकटी मावशी. आम्ही तिघं होतो. तुझी आई ताई, मधला मी आणि शेंडेफळ ती. तिला सगळे धाकटीच म्हणायचे. बोलायला लागली की तोंडाला खीळ नाही. माझ्यासाठी डबा घेऊन स्टुडिओत यायची आणि खिडकीत बसून पाय हलवत गप्पा हाणायची. मलमवाल्यांची मुलगी त्या दिवशी आली नाही, साहेबाने धाकटीला उभं केलं. बावीस वर्षांची होती. मला केवढा अभिमान!

निगेटिव्ह धुऊन आली. नियमाप्रमाणे आधी खाच पाडायची. पण ती बडबडत होती, "दादा, माझं नाक असं आहे? दादा, मला नटीसारखी कर हं." मी हसलो, "करतो गं," आणि कात्री बाजूला राहिली. नकल आणि मूळ शेजारी शेजारी. मी एक उचलली, कोपरा चाचपला, खाच लागली नाही. म्हणजे नकल, असं धरून शिसं चढवत गेलो. संध्याकाळी उजेड उतरला तेव्हा लक्षात आलं. मी मुळावर काम केलं होतं. दुसरी उजेडात धरली तर तीही, नकल करतानाच प्रकाश लागून काळी पडलेली.

"नंतर" तयार झालं, पण "आधी" उरलंच नाही. साहेब दारात उभा. मग मी त्याच "नंतर"चा छाप घेतला, त्याची पुन्हा निगेटिव्ह केली आणि सुरीने खरवडून खरवडून "आधी" बनवलं. तिचे ओठ कधी तसे पडलेले नव्हते गं. ती तशी काळवंडलेलीही नव्हती आणि तशी गोरीही नव्हती. त्या जाहिरातीत दोन मुली आहेत आणि दोन्ही ती नाही.

त्यानंतर तिला माणसं विसरायला लागली. दुकानदार तिच्या मागच्याला विचारायचा, काय हवं. बाबांनी एकदा तिला दारात बघून "कोण पाहिजे?" म्हटलं. तिचा फोटो काढला की चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. शेवटी तिला सिनेमात मैत्रिणीचं काम मिळालं. ती हसून म्हणाली, "दादा, मैत्रिणीला चेहरा लागत नाही."

पहिल्याच दिवशी मी सोबत गेलो होतो. तिने चिठ्ठी दिली, दारातून गेली, "कट" झालं. मी दारामागे धावलो. मागे उभ्या फळ्या आणि डबा खात बसलेला सुतार. "इकडे कोण नाय आलं," तो म्हणाला. त्याचा घास हातातच होता.

घरी येऊन सांगितलं तर ताईने विचारलं, "कोण धाकटी?"

चाळीस वर्षं मी मूग गिळून बसलो. कारण मीही विसरेन ही धास्ती, आणि आठवलं की माझा हात मला दिसतो. बाळ, नऊ तारखेला जाऊ नकोस. तुझा चेहरा तिचाच आहे. आता तर पेन्सिलही नसेल, यंत्र असेल, आणि यंत्राला कोपरा चाचपायची सवय नसते.

मामा


४ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या मामा,

तुझं पत्र वाचून मी अर्धा तास जिन्यात बसून राहिले. विश्वास बसला का? मुंगी आहे मी, मोजल्याशिवाय बसत नाही. म्हणून पुन्हा ते अकरा सिनेमे लावले. आता अकरा नव्हते. बारावा होता, ज्यात मी आधी वेगळीच मैत्रीण टिपून ठेवली होती, माझ्या वहीत वर्णन आहे. आता तिथे मावशी आहे. ती आपल्याकडे बघते आणि तिचे ओठ हलतात. आवाज नाही. मी दहा वेळा बघितलं. "दादा" म्हणते.

मी जाणार आहे. रागावू नकोस. सेटवर जाऊन ते दार बघून आले. पांढरं, पितळी मुठीचं. मागे फळ्या, वायरी आणि एक सुतारकाका भाकरतुकडा खात होते. मला म्हणाले, "इथून कुठं जायला नाय हां." मामा, ती चाळीस वर्षं दारं शोधते आहे, आणि सगळी दारं एकाच बाजूला उघडणारी. कुणीतरी एक दार उघडं धरायला नको का? मी फक्त धरणार. पाय उंबऱ्याच्या अलीकडेच.

तरी तुझं ऐकते. गल्लीतल्या म्हाताऱ्या फोटोवाल्याकडे फिल्मचा कॅमेरा आहे. त्याच्याकडून माझा फोटो काढून घेतला, तोंडही न धुता. ही निगेटिव्ह सोबत आहे. कोपऱ्याची खाच मी स्वतः पाडली, नखाने चाचपून बघ. हिला हात लावायचा नाही. शपथ.

तुझी,
मुंगी


६ फेब्रुवारी

मुंगे, पत्र मिळालं, निगेटिव्ह मिळाली. जाऊ नकोस. मी उद्याच्या बसने निघतोय, गुडघे गेले खड्ड्यात. तोवर घराबाहेर पडू नकोस. हे पत्र आधी पोचतं की मी, देव जाणे.

मामा


१२ फेब्रुवारी

दादा,

तू आला कसा नाहीस? बस वाटेत बंद पडली आणि तू दोन दिवस कुठल्याशा फाट्यावरच्या दवाखान्यात गुडघा शेकत पडलास, असं तुझ्या घराखालच्या दुकानदाराने ताईला फोनवर सांगितलं. म्हणून तुझ्या घरच्या पत्त्यावर लिहितेय. अक्षर ओळखलंस? माझा "ळ" अजून तसाच लंगडा आहे.

दादा, मी बाहेर आले.

किती दारं झाली मोजली नाहीत. प्रत्येक दारापलीकडे तीच खोली, फुलदाणी वेगळी. कोणीतरी सजलेली मुलगी बसलेली, माझ्या हातात चिठ्ठी, आणि तोंडात शब्द असे की मी कधी उच्चारले नसते. मग जायची वेळ. पाय आपोआप चालतात रे. या वेळी दार उघडलं तर समोर ताई, लहानपणीची. निदान मला तसं वाटलं. पण ती ताई नव्हती. तिने दार दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ती ओरडली, "मावशी, चल!" मी निघाले. तिचा पाय अलीकडे होता, शपथेवर सांगते, मी पाहिला. मी तिच्या हाताखालून बाहेर आले आणि कोणीतरी "कट" म्हणालं.

वळून बघितलं तर फळ्या.

सगळे मला तिच्याच नावाने हाक मारतात. साहेब म्हणाला, वा, काय "नंतर" आहे! ताईने दार उघडलं आणि म्हणाली, "मुंगे, जेवलीस का?" ताई म्हातारी झाली आहे, दादा. तिच्या कुशीत शिरून रडले. तिला वाटलं मुलीचं काहीतरी बिनसलं. मी सांगितलं नाही. टेबलावर तिने दोन ताटल्या मांडल्या होत्या, आणि मग कपाटाकडे जाऊन तिसरी हातात घेऊन नुसतीच उभी राहिली.

जो दार धरतो तो आत राहतो. मला हे ठाऊक असतं तर मी निघाले नसते.

धाकटी


२१ फेब्रुवारी

धाकटे,

तुझा "ळ" बघून मी जमिनीवरच बसलो. पासष्ट वर्षांचा घोडा, हुंदके देत होतो. खालचा दुकानदार वर धावत आला, त्याला वाटलं गुडघा गेला. त्याला काय सांगू, माझी बहीण चाळीस वर्षांनी रुसवा काढून आली!

तुझी ती निगेटिव्ह मी अजून जपून ठेवली होती. आज काढून स्टुडिओतून घरी आणलेल्या माझ्या टेबलावर ठेवली तर चढवलेलं सगळं शिसं झडून खाली पडलं, राखेसारखं. आणि काचेवर तू, नाक वर करून. ओठ अर्धे उघडे, बडबडच करत असशील.

पण माझा आनंद मला पुरा गिळता येत नाही गं. तू बाहेर आलीस आणि मुंगी आत राहिली.

तरी ऐक. मुंगीची निगेटिव्ह माझ्याकडे आहे. रोज सकाळी उजेडात ठेवतो, रोज बघतो. तीळ जागेवर, भुवया जागेवर, कंगवा न लावलेले केस जागेवर. एक रेष पुसट नाही. खाच तिने पाडली, वेळेवर पाडली. मी जे चुकलो ते ती चुकली नाही. म्हणजे ती विसरली जाणार नाही. ताई भलेही तुला मुंगी म्हणू दे, तिच्या हाताला तिसरी ताटली आठवते.

आता तू सिनेमे बघ. जितके लागतील तितके, दुपारचे खेळ. ती मैत्रीण असेल. तुझ्यात आणि तिच्यात फरक एवढाच की मैत्रिणीने कधी निघायचं हे तिने एक्केचाळीस वेळा मोजलेलं आहे. तिला कुठली जागा नाकारायची ते ठाऊक आहे.

दादा


२३ मार्च

दादा,

दिसली!

तीनच्या खेळाला गेले होते. मोजून सात माणसं. नायिका खिडकीत, मैत्रीण चिठ्ठी घेऊन आली, आणि ती मुंगी. गालात जीभ घालून नायिकेला चिडवलंन, तुझ्यासारखंच. मग नायक जिना चढू लागला, पाय वाजले. मैत्रिणीने जायचं. ती दाराशी गेली. मुठीवर हात ठेवलान. मी खुर्चीचा हात घट्ट धरला, मला ठाऊक आहे ती ओढ कशी असते. आणि दादा, ती वळली. कोपऱ्यातलं स्टूल ओढून बसली! नायिका वाक्य विसरली. नायक आला, तो हिच्या डोक्यावरून बघत प्रेमाचं बोलत राहिला. ही आपली आमच्याकडे बघत बसलेली. बघता बघता हातातल्या चिठ्ठीचा कोपरा नखाने तोडलान. छोटी खाच.

बाकीच्या सहा जणांना काहीच दिसलं नाही. माझ्या शेजारचा तर पंख्याखाली डुलकी घेत होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तोच सिनेमा, स्टूल मात्र पुढे सरकलेलं. तिसऱ्या दिवशी आणखी पुढे, डावीकडे. पडद्याच्या डाव्या अंगाला एक बुटकं दार आहे, झाडणारी बाई बादली घेऊन तिथूनच ये-जा करते. स्टूल त्या दाराकडे चाललं आहे. शुक्रवारपर्यंत पोचेल. शनिवारी सिनेमा बदलतो.

दादा, दार मी धरते. मी चाळीस वर्षं काढली, आणखी काढेन. आत मला कुठे काय ते सगळं पाठ आहे.

धाकटी


२७ मार्च, शुक्रवार

मुंगे, पोटभर आशीर्वाद.

हे पत्र धाकटीच्या हाती ठेवतोय. तू बाहेर आलीस की ती तुला देईल. म्हणजे तू हे वाचते आहेस तर सगळं रीतसर झालं. आता रडू नकोस, आधी पाणी पी.

आज सकाळीच पोचलो. तुझ्या आईने चहा दिला आणि धाकटीकडे बघून म्हणाली, "हिला हल्ली काय झालंय कोण जाणे, सारखी मला ताई म्हणते." मी म्हटलं, म्हणू दे. मग आम्ही तिघं टेबलाशी बसलो आणि ताईने न सांगता चार ताटल्या मांडल्या. मोजल्या, लाजली आणि तशाच राहू दिल्या. मला तेवढं पुरलं.

दार कोण धरणार यावर तुझ्या मावशीने माझ्याशी कडाकडा भांडण केलं. अगदी डब्यासाठी भांडायची तसं. पण एका गोष्टीत मी तिला हरवलं. ती आत गेली की तिला दारातून निघून जावंच लागतं, पाय चालतात. माझे गुडघे बघ, हे कुणाच्या सांगण्यावरून चालतील का? मला जिथे उभं करतील तिथे मी उभा राहीन, खांबासारखा. आणि सिनेमातल्या प्रत्येक घरात एक म्हातारा असतोच. खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसलेला, ज्याला कुणी जा म्हणत नाही. हे तुझ्या वहीत नाही, लिहून घे. एक्केचाळीस सिनेमांत तू मैत्रिणी मोजल्यास, म्हातारे मोजले नाहीस.

दोन निगेटिव्ह पाकिटात आहेत. एकीला तुझी खाच. दुसरीला आज सकाळी मी पाडली, चाळीस वर्षं उशिरा.  दोन्ही तुझ्या प्रबंधाला लाव. जाहिरातीतल्या त्या दोन मुलींच्या शेजारी तिसरी छाप, खरी. खाली लिही, हिच्यावर काम केलेलं नाही.

माझ्या टेबलाखालचा आरसा अधूनमधून पुसत जा. आणि कधी जुना सिनेमा लागला आणि मागे वर्तमानपत्राआड कुणी म्हातारा दिसला, तर जरा थांबून बघ. त्याने पानाचा कोपरा फाडलेला असेल.

पावणेतीन झाले. धाकटी ओरडते आहे, दादा, चल, पहिली घंटा झाली.

तुझा मामा